सगळे पाटील एका भावकीचे नसतात

संगमनेर
रविवार, रात्री साडेदहा

चि. माऊ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठाचे, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. तू रडत होतीस की सर्दी झाली होती ते मला नीट कळलं नाही, आणि तू "काही नाही गं, असंच" म्हणालीस म्हणून मीही "बरं" म्हणून भाकरी तव्यावर टाकली. नंतर जेवताना पप्पांनी सगळं सांगितलं. फार्मसीच्या तोंडी परीक्षेत 'अल्कली म्हणजे काय' असं विचारलं, तू 'अल्केन'ची व्याख्या धडाधड म्हणून दाखवलीस, मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली हसल्या आणि त्यांतली एक तुला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात "मराठी मीडियम" म्हणाली.

हसणाऱ्यांचं मी काही लिहीत नाही. गेली २२ वर्षं मी वर्गात उभी आहे, हसणारी पोरं मला नवीन नाहीत. पण तू पप्पांना आणखी एक म्हणालीस, ते माझ्या डोक्यातून जाईना. "ए-एलने सुरू होणारे सगळे शब्द मला सारखेच दिसतात. अल्कोहोल, अल्कली, अल्कलॉइड, अल्डिहाइड, अल्केन, अल्ब्युमिन, ॲलम, ॲलर्जी. पाठ करते आणि पुन्हा गुंता होतो."

अगं, तुझ्या वर्गात तीन पाटील आहेत असं तूच सांगितलं होतंस. एक जळगावची, एक कोल्हापूरची, एक अलिबागची. आता कोल्हापूरच्या पाटलांकडे कुणी गेलं तर अलिबागच्या पाटलांना सुतक लागतं का? आडनाव एक म्हणून भावकी एक होत नाही. ए-एल हे असलंच आडनाव आहे.

शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. वारा सुटला की वर्गाचं दार आपटू नये म्हणून तो दाराशी ठेवतात, एवढाच त्याचा उपयोग. तो मी गुरुवारी पिशवीत घालून घरी आणला. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी बारीक टायपात तो कुठून आला ते दिलंय. तीन संध्याकाळी ए-एलची पानं वाचली आणि अडलं तिथे शेजारच्या चाचांना विचारलं. उर्दू शाळेत त्यांची हयात गेली हे माहीत होतं, पण त्यांना अरबीही इतकं येतं हे मला आत्ता कळलं. तेव्हा हे पत्र निम्मं कोशाचं, निम्मं चाचांचं आणि मध्ये मध्ये माझं.

तर पहिली भावकी सगळ्यांत मोठी, आणि ती अरबांची. अरबीत नामाच्या आधी 'अल' लावतात, इंग्रजीत 'द' लावतात तसं. मराठीला याची गरजच पडत नाही. "मांजर आलं" म्हटलं की ते रोजचं दूध चोरणारं मांजर की कुठलं परकं, हे घरातल्यांना बरोबर कळतं. अरब ७११ साली स्पेनमध्ये उतरले आणि तिथलं त्यांचं शेवटचं राज्य, ग्रानाडाचं, १४९२ साली गेलं. म्हणजे पावणेआठशेहून जास्त वर्षांचा शेजार. स्पेनच्या लोकांनी अरबी शब्द कानाने ऐकून उचलले, 'अल' कुठे संपतो आणि शब्द कुठे सुरू होतो याची चौकशी केली नाही. सालासकट केळं खाल्लं म्हण. सिसिलीच्या बाजूने इटलीत जे शब्द गेले ते बरेचदा सोलून गेले. कापसाला अरबीत 'कुत्न'. त्याचं इंग्रजीपर्यंत पोचता पोचता 'कॉटन' झालं, स्पेनमध्ये मात्र 'अल्गोडोन'.

आपण फार शहाणे असं समजू नकोस. तू 'बिलकूल भूक नाही' म्हणतेस ना, त्या 'बिलकूल'मध्ये मधला 'ल' या 'अल'चाच आहे. ब, अल आणि कुल. 'सगळ्यासकट' असा अर्थ. तो 'कुल' म्हणजे कुलमुखत्यारपत्रातला. 'अलबत' हाही त्याच भावकीतला. आबा मिशीवरून हात फिरवत "अलबत!" म्हणतात तेव्हा ते चक्क अरबी बोलत असतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? मला वाटलंच."

आता माझ्या विषयाकडे येते. ८२० च्या सुमाराला बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञाने एक पुस्तक लिहिलं. चाचांनी त्याचं नाव मोठ्याने म्हणून दाखवलं आणि मी चहाची बशी खाली ठेवली. 'अल-किताब अल-मुख्तसर फी हिसाब अल-जब्र व अल-मुकाबला.' त्यातला 'मुख्तसर', म्हणजे थोडक्यातला, हा एक सोडला तर बाकी सगळे शब्द आपल्या ओसरीवरचे. किताब, हिशेब, जबर, मुकाबला! यातल्या 'अल-जब्र'चं युरोपात 'अल्जेब्रा' झालं.

५क्ष − ३ = १२ असं समीकरण घे. डावीकडचे ५क्ष धड नाहीत, त्यांतून ३ तुटलेत. ते ३ परत जोडायचे, उजवीकडेही तेवढेच द्यायचे, झाले ५क्ष = १५. हे तुटलेलं जोडणं म्हणजे जब्र. आणि ७क्ष = ३क्ष + १२ असेल तर दोन्हीकडचे क्ष समोरासमोर उभे करायचे, तीनला तीन भिडवून काढून टाकायचे, उरले ४क्ष = १२. हा मुकाबला. मी इतकी वर्षं फळ्यावर "चिन्ह बदलून पलीकडे न्या" असं शिकवत आले, तुलाही तसंच शिकवलं. मुकाबला म्हणाले असते तर मागच्या बाकावरच्या पोरांनीही मान वर केली असती.

पण जब्रचा मूळ अर्थ चाचांनी सांगितला तेव्हा मला तूच आठवलीस. जब्र म्हणजे जबरी, जोर, हे आपल्याला ठाऊक आहे. पण जब्र म्हणजे मोडलेलं हाड बसवणंही. तू तिसरीत असताना वस्तीवर गोठ्याच्या भिंतीवरून पडलीस, आठवतं? डावं मनगट सुजून दुधीसारखं झालं होतं. त्या हाडवैद्याने तुला मांडीशी बसवून विचारलं, "शाळेत कविता कुठली चाललीय?" तू पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलंस आणि त्याने मनगट ओढून असं फिरवलं की आवाज मला दारात ऐकू आला. पप्पांनी डोळे मिटले होते, तू नाही. मग त्याने अंड्याचं पांढरं आणि उडदाचं पीठ एकत्र फेटून फडक्याला चोपडलं, ते गुंडाळलं आणि वर बांबूच्या कामट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या हट्टाने एक्स-रे काढला, तर डॉक्टर म्हणाले, बसलंय व्यवस्थित. जोरही तोच आणि जोडणंही तेच, एकाच झटक्यात. स्पेनमध्ये हाड बसवणाऱ्या माणसाला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. इंग्रजीतही सोळाव्या शतकात 'अल्जेब्रा' हा शब्द हाडवैदकीच्या अर्थाने सापडतो.

अल-ख्वारिझ्मीच्या त्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर चेस्टरच्या रॉबर्टने ११४५ साली स्पेनमधल्या सेगोव्हियात केलं. आपल्या भास्कराचार्यांचं 'बीजगणित' ११५० सालचं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. सहलीला पाटणादेवीला गेलो होतो तेव्हा तू तिथे माकडांना शेंगदाणे देत बसली होतीस.

आता अल-ख्वारिझ्मी हे नाव बघ. ख्वारिझम हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा मुलूख, आजच्या उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानात येतो. तिथला तो ख्वारिझ्मी. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने 'ख्वारिझमकर'. त्याने भारतीय अंकांवरही पुस्तक लिहिलं, आपले एक ते नऊ आणि शून्य कसे वापरायचे ते. त्याचं लॅटिन झालं तेव्हा लेखकाचं नाव 'अल्गोरित्मी' असं लिहिलं गेलं, आणि पुढे त्या पद्धतीलाच ते नाव चिकटलं. तोच 'अल्गोरिदम'. तुझा दादा कंपनीत दिवसभर अल्गोरिदम अल्गोरिदम करतो, त्याला सांग, तू एका गृहस्थाचं आडनाव घेऊन बसलायस. उद्या एखाद्या सातारकरांच्या नावाने जगाने गणित करावं, तसं.

बरं, हे सगळं गणिताचं झालं. तुझी खरी अडचण अल्कली. तू सुट्टीत आलीस की आजी तुला राखेने भांडी घासायच्या गोष्टी सांगते. ओली राख हाताला बुळबुळीत लागते, बोटं एकमेकांवरून घसरतात. ती बुळबुळ म्हणजे अल्कली. खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपं जाळून त्यांची राख करत, त्या राखेला अरबीत 'कली', आणि 'अल' लावून 'अल-कली'. काच करायला, साबण करायला ती लागायची. आपण पापडात जो पापडखार घालतो तोही याच जातीचा. जिभेवर चिमूटभर ठेवून बघ, घशापर्यंत कळेल. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात 'अल्क धातू' असं यायचं, आठवतं का? त्यांनी 'अल्कली'चं मराठी 'अल्क' केलं. म्हणजे अरबीतला 'द' शाबूत ठेवला आणि मूळ शब्दातला एक 'क' तेवढा उरला. हसू नकोस, मीही परीक्षेत तेच लिहीत होते.

आता हे वाच आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांग. पोटॅशियमला 'पी' न लिहिता 'के' का लिहितात? हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ साली पोटॅशमधून वीज सोडून हा धातू वेगळा काढला. पोटॅश म्हणजे इंग्रजीत सरळ 'भांड्यातली राख', कारण राखेचं पाणी भांड्यात आटवून ती मिळायची. इंग्रजांनी भांड्यातल्या राखेवरून पोटॅशियम म्हटलं, जर्मनांनी अरबी राखेवरून 'कॅलियम' म्हटलं, आणि चिन्ह राहिलं ते जर्मनांचं. एकाच धातूच्या दोन्ही नावांत राखच. आणि अल्कलॉइड? अल्कलीसारखं ते अल्कलॉइड. माइस्नर नावाच्या जर्मन औषधशास्त्रज्ञाने हा शब्द १८१९ साली केला, म्हणजे तुझ्याच धंद्यातला माणूस.

आता अल्कोहोल. इथे मी चाचांकडे दोनदा गेले, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. अल्कोहोल म्हणजे सुरमा. 'अल-कुह्ल'. डोळ्यांत घालायची ती काळी, डोळ्याला टोचणार नाही इतकी बारीक केलेली पूड. युरोपातल्या किमयागारांनी आधी कुठल्याही अतिबारीक पुडीला 'अल्कोहोल' म्हटलं, मग उकळून-गाळून शुद्ध केलेल्या कशालाही म्हटलं. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने वाइनमधल्या अर्काला 'वाइनचा अल्कोहोल' म्हटलं, आणि हळूहळू 'वाइनचा' गळून पडलं. पुडीचा द्रव झाला. ईदला चाचा डोळ्यांत सुरमा घालतात, त्यांना म्हटलं, "चाचा, तुम्ही डोळ्यांत अल्कोहोल घालता." ते इतके हसले की चाची आतून बघायला आल्या. (तुझी आजी घालायची ते काजळ यातलं नव्हे. ते संस्कृत 'कज्जल', कानाला जवळचं वाटतं एवढंच. आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सुरम्यात शिसं असतं, हे तू चाचांना एकदा नीट समजावून सांग, माझं ऐकत नाहीत.) आपण मोठ्या अभिमानाने 'मद्यार्क' असा शुद्ध शब्द वापरतो, त्यातला 'अर्क' पण अरबीच, 'अरक' म्हणजे घाम. भट्टीच्या भांड्याला आतून थेंब सुटतात ते घामासारखे दिसतात म्हणून.

आणि आता तुझा गुंता. चाचांनी मला समोर बसवून दोन्ही शब्द म्हणायला लावले. कुह्लमधला 'क' आपला नेहमीचा, टाळूपाशी. कलीमधला 'क' पार पडजिभेच्या मागून, घसा साफ करताना येतो तसा. अरबीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत, काफ आणि क़ाफ. मला तर दोन्ही सारखीच ऐकू येत होती. चौथ्यांदा म्हणताना मला ठसका लागला. युरोपच्या लिपीत आल्यावर दोघांचे कपडे एकसारखे झाले, आणि तिथून पुढे माझी पोरगी तोंडी परीक्षेत अडकली. तू ज्या अल्केनची व्याख्या म्हटलीस तो अल्कलीचा कुणीच नाही. तो 'अल्किल'वरून आला, अल्किल जर्मनांनी 'अल्कोहोल'च्या पहिल्या तुकड्यावरून केला. म्हणजे सुरम्याच्या घरातला. अल्कली राखेच्या घरातली. राख वेगळी, सुरमा वेगळा, एवढं धरलंस की पुन्हा चुकणार नाहीस.

अल्डिहाइड तर मला फारच आवडला. तो नैसर्गिक शब्दच नाही, लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तुकडे जोडून केलेला आहे. 'हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल' याचं लॅटिन नाव लांबलचक, त्यातली सुरुवातीची अक्षरं तेवढी उचलली: अल्कोहोलचा 'अल', पुढे 'डिहाइड'. आणि तुम्ही मिथेनॉल, मिथेनाल म्हणता ना, अल्डिहाइडच्या शेपटीला 'आल' लावता? ती शेपटी म्हणजे अल्डिहाइडचं डोकं, अल्डिहाइडचं डोकं म्हणजे अल्कोहोलचं डोकं, आणि ते डोकं म्हणजे बगदादच्या बाजारातला 'द'. जगभरच्या प्रयोगशाळांत बाटल्यांवर अरबी व्याकरण चिकटवलेलं आहे आणि तुला म्हणतात मराठी मीडियम.

'केमिस्ट्री' हाही याच घरातला, फक्त 'अल' पुसून आलेला. 'अल-किमिया' म्हणजे आपली किमया, त्याचं 'अल्केमी'. पुढे शास्त्र सुधारल्यावर सोनं करणाऱ्यांपासून वेगळं दिसायला हवं म्हणून पुढचा 'अल' टाकला आणि केमिस्ट्री राहिली. तू दुकान टाकशील तेव्हा पाटीवर 'केमिस्ट' लिहायचं की 'किमयागार', ते बघू. तुमचं 'इलिक्झर' पण तसंच, 'अल-इक्सीर', आपला 'अक्सीर इलाज'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखमेवर टाकायची कोरडी पूड, आणि तुम्ही ते बाटलीत भरून चमच्याने देता. सिरपचं सांगत नाही. ती 'शराब'ची सख्खी बहीण आहे हे आजीला कळलं तर खोकल्याचं औषध घ्यायची बंद होईल.

आबांना मी त्यांचाही एक शब्द दिला. वस्तीवरच्या लसूणघासाला इंग्रजीत 'अल्फाल्फा' म्हणतात. अरबी 'अल-फस्फसा', त्याच्या मागे फारसी 'अस्पस्त', घोड्याचं खाणं. अस्प म्हणजे आपला अश्व. 'स्वार' शब्दातही तोच घोडा दडलाय. आबा म्हणाले, "मग आपल्या गाई इतकी वर्षं घोड्याचं खातायत," आणि दूध वाढलं नाही याचं खापर लगेच त्यावर फोडलं.

एका शब्दात तर हा 'अल' चुकून शेपटीला राहिला. 'अमीर-अल-अमुक', म्हणजे अमक्याचा सेनापती, यातलं 'अमीर-अल' एवढंच युरोपने ऐकलं, पुढचं सांडलं, आणि मध्ये एक 'ड' शिरून 'ॲडमिरल' झालं. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजी पुस्तकांत मराठ्यांचे ॲडमिरल म्हणतात. आपण मात्र त्यांना सरखेल म्हणायचं. 'अमीर-उमराव' म्हणताना आपणही गंमतच करतो, उमराव हे अमीरचंच अनेकवचन आहे.

आता बाकीचे पाटील, ज्यांचा अरबांशी संबंध नाही. हे पटकन सांगते, कारण इथे गुंता कमी आहे.

अल्ब्युमिन आठवायचं तर ते हाडवैद्याचं फडकं आठव. अंड्याचं पांढरं. लॅटिनमध्ये 'अल्बस' म्हणजे पांढरा. 'अल्बम' म्हणजे रोममध्ये चुन्याने पांढरा केलेला फळा, त्यावर सरकारी फर्मानं लिहायचे. आमच्या लग्नाच्या अल्बमची पानं काळी कुळकुळीत आहेत तो भाग वेगळा. ॲलम म्हणजे पप्पांची दाढीनंतरची तुरटी. तीही लॅटिन, आणि त्याच डेव्हीने तिच्यावरून ॲल्युमिनियमचं नाव काढलं. ॲलर्जी ग्रीक: 'ॲलॉस' म्हणजे दुसरं, वेगळं. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरने १९०६ साली हा शब्द केला, शरीर भलतंच वागतं म्हणून. ॲलोपॅथीही त्याच घरची, आणि ती म्हणायला लागले ते होमिओपॅथीचे हानेमान, म्हणजे नाव ठेवलं ते विरुद्ध पार्टीने. 'अलायस' लॅटिन, त्याला आपण 'उर्फ' म्हणतो, आणि उर्फ अरबी. बघ, कसं फिरून येतं.

'अलार्म' म्हणजे इटालियन सैनिकांची आरोळी, "हत्यारं घ्या!" पहाटे साडेपाचला तुझ्या फोनमध्ये हेच ओरडतं आणि तू उठत नाहीस. 'अलोन' म्हणजे 'ऑल वन', सबंध एक. 'ॲलिगेटर' स्पॅनिश 'एल लगार्तो', पाल किंवा सरडा म्हण ना. त्यातला 'एल' सुद्धा 'द'च आहे, पण लॅटिनमधून आलेला. काम तेच, घराणं वेगळं.

सगळ्यांत लबाड 'आल्मंड'. बदाम. त्याचा मूळ ग्रीक-लॅटिन शब्द 'अमिग्डला', त्यात सुरुवातीला 'ल' कुठेच नाही. फ्रेंचांकडे 'अमांद' आहे, तिथेही नाही. पण स्पेनकडच्या अल-वाल्या शब्दांच्या गर्दीत हाही 'अल' लावून बसला. उगीच कुणाचं तरी आडनाव लावून फिरणारे असतात ना, तसा. आणि इतकं करून इंग्रज तो 'ल' उच्चारतच नाहीत.

आपल्याकडेही हीच तऱ्हा. नागपूरची मामी कपाटाला 'अलमारी' म्हणते, मी इतके दिवस तो अरबी-फारसी शब्द समजत होते. तो पोर्तुगीज 'अर्मारियो', हत्यारं ठेवायची जागा. एसटी स्टँडवर 'अल्पोपहार' लिहिलंय त्यातला 'अल्प' संस्कृत. आणि हापूसची पेटी परदेशी जाते ती 'अल्फान्सो' नावाने. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकर्कवरून पडलेलं नाव म्हणतात, त्याचं गोव्यात आफूस झालं, पुढे हापूस. आफोंसो हे जर्मन टोळ्यांकडून आलेलं नाव, त्यालाही अरबांचं सुतक नाही.

हात दुखायला लागला. उद्या पहिलाच तास आठवीवर आहे, एकचल समीकरणंच. मुकाबला म्हणून बघते, काय होतं ते.

पप्पा मंगळवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर डबा पाठवते. पापड आहेत, पण हॉस्टेलवर भाजायची सोय नसेल तर तळलेलेच देते, कळव. बदामाचे लाडू ११ आहेत, तीन मैत्रिणींना दे आणि उरलेले लपवून ठेव. गार पाण्याने रोज डोकं धुऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. हसणाऱ्यांत ती अलिबागची पाटील होती का? असली तर तिला विचार, तुझ्या गावाच्या नावातला 'अल' कुठला म्हणून. तो 'द' नव्हे. अलीची बाग ती अलिबाग. चाचा म्हणतात, 'अली'तला 'अ' सुद्धा अरबीत वेगळाच आहे, घशातून दाबून काढायचा. मी प्रयत्न केला, पुन्हा ठसका लागला.